दारातला शेवगा

फाल्गुन सरत आला की आमच्या फाटकाशी कुणीतरी नवखा माणूस हमखास थांबतो. आधी वर बघतो, मग माझ्याकडं, मग पुन्हा वर. आलेला असतो पत्ता विचारायला, पण पत्ता राहतो बाजूला. "बाई, शेवगा दारात? दारात ठेवत न्हाईत हे झाड." मी म्हणते, "पावणं, तुमाला पत्ता पायजे का शेंगा?" बहुतेक जण शेंगा घेऊन जातात. भीतीचं आणि आमटीचं फारसं वाकडं नसतं.

परवा असाच एक जण आला. हातात नव्या बदलीचा कागद, कपाळावर घाम. त्याला शेंगांची जुडी बांधून दिली, तांब्याभर पाणी दिलं आणि तो गेल्यावर ओट्यावर बसून राहिले. ऊन फाटकापर्यंत आलं होतं. मुरुमाचा तो तापलेला, भाजक्या विटेसारखा वास नाकात शिरला आणि पंधरा वर्षं कुठल्या कुठं गेली. बहात्तरचा पाऊस आणि त्याच्या पाठीवर आलेला तो उन्हाळा. तो मला विसरता येत नाही आणि खरं सांगायचं तर विसरायचाही नाही. माझ्या हातून झालेली गोष्ट मीच विसरले तर ती लक्षात ठेवायची कुणी?

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला पाऊस आठवतो, ऊस आठवतो, पंचगंगेचा पूर आठवतो. आमच्याकडं पाण्यावाचून झाडं मरायची म्हटलं तर त्याला पटत नाही. पण गाव सोडून उगवतीला चालू लागलं की जमीन बदलत जाते. ढग पन्हाळ्याच्या अंगाला रिकामे होऊन यायचे आणि आमच्या माळावर नुसती घटकाभर सावली टाकून कुरुंदवाडच्या दिशेनं निघून जायचे. वीतभर मुरूम, त्याखाली खडक. कुसळं सोडली तर हिरवं म्हणून काही नाही. तिथं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शिक्षकांसाठीच्या जागांतला एक तुकडा मिळाला होता.

आबा शाळेत ड्रिल मास्तर. तरुणपणी तालमीत अंग घातलेलं, कान मोडलेले, आवाज असा की मैदानाच्या या टोकाला "सावधान" म्हणाले तर त्या टोकाची पोरं ताठ व्हायची. पेठेतली दोन मजली जागा सोडून ते त्या ओसाड माळावर आले ते आईसाठी. आईच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या कसल्याशा तापानं खराब झालेली. चार पावलं चालली तरी दम लागायचा, आडवं झालं की श्वास कोंडायचा. पाठीशी गादीची वळकटी ठेवून ती बसूनच झोपायची. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: जिना नको, धूर नको, उकाडा नको. पहिल्या दोन आबांनी घर बदलून मिटवल्या. तिसरीचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आमच्या तीन खोल्यांवर पत्रा होता. अकरा वाजले की पत्रा तापायचा आणि आत बसलेल्या माणसाला भाजून काढायचा. बाहेर यावं तर सावलीला एक काडी नाही. आईला श्वास घ्यायला सावली हवी होती. आमच्या घरातला सगळा प्रश्न एवढाच होता.

आम्ही राहायला आलो ते मृगाच्या तोंडावर. आबांनी आल्या आल्या झाडांचा बेत केला. आईचं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याचं, ओल्या मुलखातलं. तिथनं आंब्याचं रोप आणलं. दारात शोभा म्हणून नारळ, बाजूला चिक्कू. उताराच्या खालच्या अंगाला नेमगोंडा आप्पांचं शेत होतं. विहीर, दोन म्हशी, बांधावर कडुनिंब, करंज आणि शेवगा. आप्पा सत्तरीचे, डोक्याला पिवळसर फेटा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. ते वर आले, मूठभर मुरूम उचलून चुरला, वाऱ्यावर सोडून दिला.

"मास्तर, ह्यात नारळ लावताय?"

"व्हय. का?"

"कोकण हिकडं आलंय का काय? हितं कडुनिंब लावा, करंज लावा, शिरीष लावा. पाण्याबिगर तगत्यात. आनि वैनीस्नी लगीच सावली पायजे आसंल तर शेवगा. आत्ता फांदी रोवली तर फुडच्या उन्हाळ्याला पत्र्याच्या वर जातीय बगा."

आबा हसले. कडुनिंब म्हणजे एसटीच्या थांब्यावरचं झाड, आणि शेवगा दारात लावायचा नसतो हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. आई उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आंब्याची सावली मला कवा मिळायची? मला फुडल्या उन्हाळ्याची सावली पायजे."

आबांना ते बोलणं झोंबलं. जिद्दीला पेटले की त्यांना एकच जागा सुचायची. तालमीतल्या कुस्तीच्या हौदाची माती त्या दिवसांत बदलली होती. ती माती म्हणजे नुसती माती नव्हे. तांबडी, मऊ, लोण्यासारखी. वर्षानुवर्षं तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरवलेला. जुनी झाली तरी ती कुणाच्या पायदळी टाकत नाहीत. आबांनी बैलगाडी भरून ती आणली आणि तिन्ही खड्डे काठोकाठ भरले. गाडीवरून उतरताना तिला नमस्कारसुद्धा केला. "ह्या मातीनं माणसं घडवली," ते म्हणाले, "झाडाचं काय घिऊन बसलाय?"

आप्पांनी बोटानं माती चाचपली, बोट हुंगलं. "मास्तर, ह्यात पैलवान उगवंल. आंबा न्हाई."

तसंच झालं. त्या वर्षी पाऊस आधीच हात राखून पडला, आणि जो पडला तो त्या तेलकट मातीवरून ओघळून गेला. आत मुरेचना. आबांनी खड्ड्याशेजारी फरशी टाकली आणि रोज तिथंच उभं राहून अंघोळ करायला लागले, आपलं अंघोळीचं पाणी तरी आंब्याला मिळावं म्हणून. सकाळी सहाला उघड्या माळावर पंचा नेसलेला तो आडदांड माणूस बजरंगबलीच्या नावानं आरोळी ठोकत अंगावर तांब्या ओतायचा. आई खिडकीतून बघून हसायची, हसता हसता तिला धाप लागायची, आणि मग मला तिची पाठ चोळत बसावं लागायचं. तेवढं एक हसू त्या झाडांनी आम्हाला दिलं. दिवाळीच्या आत तिन्ही वाळली. आबांनी ती उपटली नाहीत. कितीतरी दिवस त्या तीन काटक्यांना ते पाणी घालत राहिले.

पण हे आबांचं झालं. मला माझं सांगायचं आहे.

आंबा लावला त्याच आठवड्यात आबा शाळेत गेलेले बघून आईनं आप्पांना बोलावलं. दारात नको तर मागं लावा म्हणाली. आप्पांनी मनगटाएवढी जाड शेवग्याची फांदी आणली. न्हाणीच्या मागं, जिथं सांडपाणी जायचं तिथं पहारीनं खड्डा घेतला, फांदी रोवली, आणि वरच्या कापलेल्या तोंडाला शेणाचा गोळा थापला. म्हणजे ओल उडत नाही. त्या मातीत दुसरंतिसरं काही घातलं नाही. "पानी बेतानं. लई घातलंसा तर कुजतीय," मला सांगून गेले. आई आतून पहारीचा आवाज ऐकत होती. माझ्यापाशी म्हणाली, "सुमे, तुझ्यावर सोपवली गं फांदी."

मी तेव्हा वीस वर्षांची होते. मास्तरकीचा अभ्यासक्रम करत होते. मुलांना शास्त्र कसं शिकवायचं याची टिपणं माझ्या वहीत होती. हे मुद्दाम लिहितेय, कारण अडाणीपणाची पळवाट मला नको.

चौथ्या दिवशी आईला झटका आला. ओठ निळे पडले. टांग्यात घालून दवाखान्यात नेली. पुढचे दोन आठवडे आबा आणि मी आळीपाळीनं तिथं. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर माझी आत्या माझ्या शेजारी बसायची. वाईट नव्हती ती, आमच्यासाठी डबा घेऊन यायची. बोलता बोलता तिला फांदीचं कळलं आणि तिचा हात पदराआड थिजला. "शेवगा? रोग्याच्या घरात? खुळी झालीस काय गं? घरातलं मानूस खातंय ते झाड. लावला नि चवथ्या दिवशी वैनी हितं आली, तरी तुला कळंना?"

पंधराव्या दिवशी सकाळी डॉक्टर आबांना बाजूला घेऊन गेले. आबा परत आले तेव्हा त्यांचा तो मैदानभर जाणारा आवाज पार गेला होता. "घरला जाऊन तिची हिरवी साडी आन," एवढंच म्हणाले. हिरवी कशाला, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

घरी गेले. साडी घेतली. पाय धुवायला न्हाणीत गेले आणि मागं नजर गेली. फांदीला कोंब फुटले होते. राईएवढे, पोपटी, चांगले सात-आठ. पंधरा दिवस तिच्याकडं कुणी बघितलं नव्हतं, पाणी घातलं नव्हतं, आणि ती जगली होती. तिकडं माझी आई जात होती आणि इकडं ही फुटत होती. त्या क्षणी मला आत्याचं सगळं खरं वाटलं. मी दोन्ही हातांनी फांदी धरली आणि हलवून हलवून उपटली. मुळं सुतासारखी पांढरी होती. ती माळाच्या पलीकडं ओघळीत फेकली, हात धुतले, साडी घेतली आणि दवाखान्यात धावत गेले. वाटेत मी देवाला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी आईला उतार पडला.

यावर आता कुणी काय म्हणायचं? डॉक्टरांचं औषध लागू पडलं, हे आज मला कळतं. तेव्हाही कळत असावं. पण त्या दिवशी मला वाटलं, मी तिला वाचवली. आणि आठ दिवसांनी ती घरी आली, आबांनी तिला उचलून खाटेवर बसवली, आणि दम घेत घेत तिनं पहिलं काय विचारलं असेल तर, "फांदी फुटली का गं?"

मी म्हणाले, "फुटली."

खोटं तर नव्हतंच ते. फुटली होतीच.

डॉक्टरांनी तिचं चालणंच बंद केलं होतं. मधली खोली आणि फार तर पुढचा ओटा, तोही आबांनी उचलून नेलं तर. न्हाणीमागं ती जाणं शक्यच नव्हतं. आणि त्या फांदीशिवाय दुसरं काही विचारायचं तिला सुचायचं नाही. मग मी ते झाड वाढवायला लागले. श्रावणात हातभर केलं. दसऱ्याला माझ्या खांद्याला आणलं. आबांनी मागं मोकळा खड्डा बघितला होता. तो त्यांनी पायानं बुजवला. मार्गशीर्षात आईनं विचारलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि बाहेरून आबांचा आवाज आला, "पत्र्याला टेकला की." मी पोळपाटावर हात टेकून उभी राहिले. तीन खरी झाडं आम्हाला जगवता आली नाहीत आणि हे नसलेलं झाड मात्र आम्ही दोघांनी मिळून पत्र्यापर्यंत नेलं.

मग तो उन्हाळा आला. विहिरी खरवडून निघाल्या, नळाला पाणी कधी यायचं, कधी नाही. खडी फोडायच्या कामावर जाणाऱ्या बायका डोक्यावर ओली फडकी टाकून आमच्या फाटकावरून जायच्या. पत्रा नऊलाच तापायला लागला. आबांनी वर गवत टाकलं, पोत्यांचे पडदे भिजवून लावले. पडदे तासाभरात कडकडीत. ओट्यावर मांडव घातला तर माळावरचा वारा तो उचलून आप्पांच्या शेतात टाकायचा. आई तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायची. तिच्या मानेची शीर उडताना लांबूनसुद्धा दिसायची. दुपारी मी तिला पंख्यानं वारा घालायची आणि मनात एकच यायचं: ती फांदी असती तर. आप्पा म्हणाले होते तशी ती आज पत्र्याच्या वर गेली असती. आज हिची खाट तिच्याखाली असती.

आणि एके दिवशी ती म्हणालीच. "माजी खाट मागं न्या. शेवग्याखाली."

आबा तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मैदान गाजवणारा तो माणूस माझ्याकडं बघत होता, आता तूच काहीतरी बोल म्हणून.

"सुरवंट झाल्यात गं आई," मी म्हणाले. "अंगावर पडतात. खाजून खाजून जीव जाईल."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मग शेंगा तरी आन. आमटी कर."

मी उन्हात अनवाणी उतारावरून आप्पांकडं पळाले. त्यांच्या शेवग्याकडं नुसतं बोट केलं.  आप्पांनी आकडीची काठी घेतली, सात-आठ शेंगा पाडल्या, माझ्या ओंजळीत दिल्या. "घिऊन जा. रोज ये," म्हणाले. मी आमटी केली. तिच्यात मीठ किती पडलं, मसाला किती, कशाचा काही पत्ता नव्हता. आईला भरवायला बसले.

तिनं एक शेंग चोखली. दुसरी चोखली. चोथा हळूच वाटीत ठेवला.

"आप्पाच्या झाडाची हाय," ती म्हणाली.

मी वाटीत पुढची शेंग शोधायला लागले.

"सुमे, मी दिसभर ह्या पत्र्याखाली बसती. पत्र्यावर चिमणी बसली तरी मला कळतंय. शेवगा पत्र्याला टेकला आसता तर वारं सुटल्यावर शेंगा वाजल्या आसत्या की गं. संक्रांतीपास्नं ऐकतीया. एकदा पन वाजल्या न्हाईत."

मी रडायला लागले. सगळं सांगितलं. कोंब, साडी, ओघळ, सगळं. आबा दारात उभे राहून भिंतीकडं तोंड करून ऐकत होते. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातात वजन उरलं नव्हतं.

"माज्या जिवापायीच उपटलीस ना? मग रडतीस कशाला? मला भ्या वाटलं आसतं तर मीबी उपटली आसती," ती म्हणाली. मग बराच वेळ दम खाल्ला. "आता आप्पाला सांग, आनि एक फांदी दे म्हनावं. मागं लपवून नको. दारात लाव. मला दिसंल आशी."

त्याच संध्याकाळी लावली. तिच्या खिडकीसमोर, पत्र्याच्या कडेला. खड्डा आबांनी घेतला. खडकाला पहार लागून ठिणग्या उडत होत्या. तालमीच्या मातीचा शिल्लक ढीग शेजारीच होता, त्याच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी शेणाचा गोळा थापला. आईचं अंग पुसून उरलेलं पाणी रोज सकाळी मी तिथं ओतायची, आणि ती खिडकीतून म्हणायची, "बेतानं, बेतानं."

तीन आठवड्यांनी फांदी फुटली. या वेळी तिनं स्वतः बघितली. पाचव्या आठवड्यात पानांची एक डहाळी वीतभर वर आली. सकाळच्या उन्हात तिची सावली ओट्यावर पडायची, तळहाताएवढी, हलणारी, मधे मधे भोकं असलेली. आबांनी आईला उचलून ओट्यावर आणून बसवली. तिनं हात पुढं केला आणि त्या सावलीत ठेवला. सावली सरकली की हात सरकवायची. ऊन वर येईपर्यंत ती तशीच बसली होती. तिला मिळालेली सावली तेवढीच.

ज्येष्ठात ती गेली. हिरवी साडी ट्रंकेत तशीच होती, तीच नेसवली. आत्या आली, दारातल्या फांदीकडं बघून तिनं तोंडाला पदर लावला. मला कळलं तिच्या मनात काय आलं ते. क्षणभर माझ्याही मनात आलं, हे कबूल करते. माझे हात शिवशिवले. पण या वेळी फांदीजवळ आबा जाऊन उभे राहिले होते. बाराव्यापर्यंत ते येता-जाता तिथंच उभे असायचे.

शेवग्याचं लाकूड ठिसूळ. गेल्या पंधरा वर्षांत वळवाच्या वाऱ्यानं हे झाड तीनदा मोडलं. तिन्ही वेळा आम्ही मोडलेल्या फांदीतलीच एक घेऊन त्याच खड्ड्यात रोवली. म्हणजे झाड तेच. कुंपणाला आता आप्पांनी दिलेले करंज आणि कडुनिंब आहेत, दाट आणि गार. आप्पा गेले, त्यांचं शेत गेलं, तिथं बंगले झाले. येणारा-जाणारा आमच्या अंगणाचं कौतुक करतो. मला ते ऐकवत नाही. एवढी सावली आज कुणाला हवी आहे? दोन माणसं आम्ही. ती एका खाटेपुरती, एका उन्हाळ्यापुरती हवी होती, आणि ती देणारी फांदी मी माझ्या हातानं उपटली. आईनं मला माफ केलं. मी काय करू?

या वर्षी घरावर स्लॅब टाकायचं ठरलं. गवंडी मापं घ्यायला आला. आबा आता सत्तरीला आलेत, आवाज पुष्कळ बसलाय. सगळं बोलणं झाल्यावर त्यांनी मधल्या खोलीकडं काठी केली. "हितला पत्रा काढायचा न्हाई."

"का ओ मास्तर? गरम हुतंय की खोली."

"हुंदे."

गवंडी माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, त्यांचं ऐका.

परवा तो शेंगा घेऊन गेलेला माणूस दिसेनासा झाला आणि माळावरून वारं सुटलं. आबा खोलीत आईच्या जागेवर वळकटीला टेकून बसले होते. वर पत्र्यावर शेंगा वाजायला लागल्या. आधी एक, मग दोन-तीन, मग बऱ्याच. आबांनी मान वर केली, छपराकडं बघितलं आणि शेजारी कुणी बसलं असावं अशा आवाजात म्हणाले, "ऐकलंस न्हवं? वाजल्या बग."